दुपारची आई

१

ऐका तर. बडोदे नावाचं नगर होतं, नगराच्या कडेला गोरवा होता, गोरव्यात टेनामेंटांची, म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांची, एक सोसायटी होती आणि तिच्या शेवटच्या रांगेत विश्राम आणि सुनंदा नावाचं जोडपं राहत होतं. विश्राम नंदेसरीला रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जायचा. घरी आला की अंगाला असा उग्र दर्प, की सुनंदा म्हणायची, "देव्हाऱ्यापासून लांब उभे राहा, देवांना शिंका येतील." ती स्वतः सकाळचं आवरून, जेवण झाकून, दाराला कुलूप घालून दुपारी मांडवीला जायची, साड्यांच्या दुकानात फॉल लावायला. ती दिवेलागणीला परत. एकुलती एक लेक, यशश्री. ती वाघोडियाला दिली होती.

वाघोडिया म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. बस धरली की पोचलं. पण लेकीच्या घरचं अंतर मैलांत मोजत नाहीत. मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, ऊठसूट जायचं नाही, ही आपली रीत. त्यात यशश्रीच्या सासूबाई अशा, की पाहुण्याला पाणी देतानाही आधी तोंडाकडे बघतील, मग तांब्याकडे. सासऱ्यांचं वाघोडियात लोखंडकामाचं वर्कशॉप होतं, घर मोठं होतं, आणि घर मोठं असलं की आतला आवाज बाहेर येत नाही.

दिवाळीला लेक आली तेव्हा मनगटावर डाग होता. "कुकरची वाफ लागली," म्हणाली. सुनंदानं उभी हयात कुकर लावण्यात घालवलेली. वाफ मनगटाभोवती बांगडीसारखी गोल लागते, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण विचारायच्या आत जावयाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला आणि लेक चपला शोधायला लागली.

मग यशश्रीला दिवस गेले. बातमी आली तशी सुनंदानं मनाशी एक गाठ मारली. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत कोणत्याही सासूला मोडता यायची नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायला जायचं, लेकीला घेऊन यायचं, आणि एकदा ती उंबरा ओलांडून आत आली, की पुन्हा पाठवायचीच नाही. मग जगाला काय म्हणायचं ते म्हणू दे. हे तिनं विश्रामलासुद्धा सांगितलं नव्हतं. नंदेसरीच्या धुरात बाप माणूस घाबरट होऊन गेला होता.

म्हणजे तिचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता. लेक घरी आली पाहिजे.

२

आता फोनचं सांगते. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर त्यांच्याकडे फोन आला होता, आणि रांगेत तो एकटाच होता. त्यामुळे आख्ख्या रांगेनं आणि समोरच्या रांगेनंही आपापल्या नातेवाइकांना त्यांचाच नंबर देऊन ठेवलेला, पुढं 'पी.पी.' लिहून. पी.पी. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, हाक मारून बोलावून देतील. सुनंदाचा अर्धा जन्म ओट्यावर उभं राहून "इलाबेन, फोऽऽन!" ओरडण्यात गेला.

मग धाकटा दीर अनीश अमेरिकेहून आला आणि बिनवायरीचा फोन घेऊन आला. वरचा भाग उचलायचा, काडी ओढून लांब करायची आणि घरभर हिंडत बोलायचं. अनीशला वाटलं, वहिनीला चैन होईल. वहिनीनं त्याची वेगळीच सोय लावली. माणसाला फोनकडे बोलवायचं कशाला? फोनच माणसाकडे पाठवायचा.

मागच्या बाजूला प्रत्येक घराला चोकडी होती, धुणीभांडी करायची. सुनंदाच्या चोकडीला लागून शेजारच्या मंदाकिनीबाईंची चोकडी, मध्ये डोक्याहून उंच भिंत. मंदामावशी म्हणायचे त्यांना सगळे. एकट्या असायच्या. त्यांच्या बहिणीचा इंदूरहून फोन आला, की सुनंदा स्वयंपाक न सोडता चोकडीत यायची, एका हातानं तो फोन भिंतीवरून पलीकडे धरायची आणि म्हणायची, "मावशी, इंदूर!" पलीकडून हात यायचा, फोन घ्यायचा. बोलणं झालं की फोन परत भिंतीवर. कधी सोबत खिचूची, म्हणजे तांदळाच्या उकडीची, गरम वाटी. तोंड कोणी कोणाचं बघायचं नाही, बघायची गरजच नव्हती.

दिवाळीनंतर मंदामावशी बहिणीकडेच कायमच्या राहायला गेल्या. घराला कुलूप लागलं.

एक दिवस सकाळी सुनंदा आमटीला फोडणी घालत होती. मोहरी तडतडायला लागली आणि फोन वाजला. बाईचा आवाज होता. "शेजारी द्या जरा," एवढंच म्हणाली. सुनंदानं डाव्या हातात झारा, उजव्या हातात फोन, तशीच चोकडीत जाऊन भिंतीवरून तो पलीकडे धरला. हात आला. फोन घेतला. सुनंदा परत येऊन आमटीत डाळ ओतून, मीठ घालून, आमसूल टाकायला डबा उघडते, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

डबा तसाच उघडा ठेवून ती चोकडीत गेली. फोन भिंतीवर होता. काडी बाहेर ओढलेली. हातात घेतला तर ओला, धुणं सोडून कोणी उचलावा तसा. कानाला लावला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. पण फोनवर कोणी ऐकत असलं, की एक पोकळी असते ना, ती होती.

पुढच्या बाजूनं जाऊन तिनं मंदामावशींचं दार पाहिलं. कुलूप होतं. कडीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि उंबऱ्यात कडुलिंबाची पानं साचली होती. सुनंदा वेडी नव्हती. तिनं स्वतःची समजूत घातली. भिंतीवर फोन मीच ठेवला असेन. हात दिसला तो सवयीचा. वर्षानुवर्षं एक हात बघायचा म्हटल्यावर नसला तरी दिसायचाच.

आमटी त्या दिवशी खारट झाली. विश्राम ताक ओतून जेवला.

३

पुढं काही दिवसांनी इलाबेन आल्या. समोरच्या रांगेतल्या, गुजराती, तोंडानं फटकळ पण मनानं चांगल्या. आल्या त्या हिंचक्यावर न बसता उभ्याच राहिल्या, आणि राग मानू नका म्हणून सुरुवात केली.

"जय श्रीकृष्ण, सुनंदाबेन. खोटुं ना लगाडता. तमारो अवाज मारा टीवीमां आवे छे."

"माझा? टीव्हीत?" सुनंदाला हसू आलं. "मग काय, हिरॉइनचं काम मलाच द्या म्हणावं."

"हसो नहीं. मारी सिरियल चाले ने वच्चे तमे. खरखर खरखर, ने पछी तमे. छोकरी जोडे वातो करो छो, फोन पर."

तेव्हा घरोघर केबलची डबडी लागली होती, टीव्हीवर काय काय दिसायचं. बिनवायरीच्या फोनमुळे टीव्हीला खरखर येते, हे सुनंदानंही ऐकलं होतं. ती म्हणाली, "बरं, रविवारी मी हळू बोलेन."

कारण लेकीचा फोन यायचा तो रविवारी. सासूबाई शेजारी उभ्या राहायच्या आणि यशश्री म्हणायची, "मी बरी आहे. तुम्ही बरे आहात ना?" तेवढंच. शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

"रविवारे नहीं," इलाबेन म्हणाल्या. "रोज. बपोरे. जमीने आडा पडीए ने, त्यारे."

"दुपारी मी घरी नसते, इलाबेन. मांडवीला असते. कुलूप असतं घराला."

इलाबेननं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा मान राखायचा असला की बघतात तसं. मग पदर सावरून जायला निघाल्या, आणि फाटकापाशी थांबल्या.

"बधुं तो न समजाय, तमे मराठीमां बोलो. पण एक वात रोज कहो छो. 'येऊ नको, येऊ नको.' एटलुं तो मनेय समजाय ने." मग आईनं असं म्हणावं का, या सुरात म्हणाल्या, "मा थईने आवुं केम कहो छो, बेन?"

४

इलाबेनच्या यजमानांनी टेलिफोनच्या कचेरीत तक्रार केली. तिथून एक इन्स्पेक्टर आले. प्रतापसिंहराव त्यांचं नाव. बडोद्याच्या जुन्या सरदार घराण्यातला माणूस, मिशा पिळदार, शर्टाचं एक बटण तुटलेलं. विश्राम त्या दिवशी घरी होता. साहेब म्हणत म्हणत त्याला घाम फुटला होता.

प्रतापसिंहरावांनी फोन उलटा करून पाहिला. "खात्याची मंजुरी कुठाय याच्यावर?"

"अमेरिकेहून आणलाय, साहेब. भाऊ असतो तिकडे."

"अमेरिकेची मंजुरी अमेरिकेत. हा वायरीतून थोडाच बोलतो, हवेतून बोलतो. हवेतून बोलायचं तर सरकारी परवाना लागतो. हवा काय आपल्या तीर्थरूपांची आहे?" मग सुनंदाकडे वळून जरा मऊ झाले. "वहिनी, दिवाणखान्यात बोललात तर तुमची गोष्ट पार समोरच्या रांगेत जाते. लोकांच्या टीव्हीत शिरते."

"त्याच्या पाठीवर ते काय लिहिलंय हो?" सुनंदानं विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. आडवी पट्टी होती, बारीक अक्षरांची.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "दोन अटी आहेत त्यांच्या सरकारच्या. पहिली, या यंत्रानं दुसऱ्या कोणाला उपद्रव द्यायचा नाही. दुसरी, बाहेरून येईल तो उपद्रव यानं घ्यायचा. नको ते घडलं तरी घ्यायचाच."

"म्हणजे सुनेसारखं," सुनंदा म्हणाली.

प्रतापसिंहराव मोठ्यांदा हसले. विश्रामही हसला, साहेब हसले म्हणून. सुनंदा त्या पट्टीकडे बघत राहिली. ती धीर करून म्हणाली, "साहेब, मी घरात नसताना यातून माझा आवाज येतो म्हणतात."

"तुमचा कसा येईल? याला कुलूप नाही ना, वहिनी. ज्याच्याकडे असला फोन, तो तुमच्या लाइनवर बसू शकतो. तुमची घंटी वाजली की त्याच्याही घरात वाजते, त्यानं उचललं की बोलणं त्याच्याशी. आसपास कोणाकडे तरी दुसरा असणार. शेजारच्या घरात कोण राहतं?"

"कोणी नाही."

"मग पलीकडच्या." त्यांनी विश्रामकडे पाहिलं. "हा काढून ठेवा. खात्याचा काळा फोन आहे ना, तो लावा. नाहीतर लाइन कापावी लागेल, माझा इलाज नाही."

लाइन कापली तर लेकीचा रविवारही गेला. विश्राम हात जोडून उठला. माळ्यावरचा काळा फोन काढला, पुसला, लावला. अमेरिकेचा फोन जुन्या चादरीत गुंडाळून वर गेला. जाताना प्रतापसिंहराव म्हणाले, "आता तुमचा आवाज तुमच्या घरात, वहिनी. निश्चिंत राहा."

आणि खरंच, इलाबेनचा टीव्ही स्वच्छ झाला. त्या स्वतः सांगायला आल्या, येताना हांडवोचे दोन तुकडे घेऊन आल्या. "हवे कशुं नथी आवतुं," म्हणाल्या. सुनंदानं सुटकेचा श्वास सोडला. दुसरी कोणी बाई होती तर. कोणाच्या तरी घरात, कोणत्या तरी लेकीशी बोलणारी. देव तिचं भलं करो.

५

पहिल्याच रविवारी यशश्री म्हणाली, "आई, आता किती छान ऐकू येतं गं. आधी खरखर यायची दुपारची. आता कशी अगदी कानाशी बसून बोलतेस."

सुनंदाच्या बोटावरची वायर सुटली. ती बोलताना फोनची वायर बोटाभोवती गुंडाळायची.

"दुपारची?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं दुपारचं?"

"काही नाही. दुपारची झोप येते म्हटलं," यशश्री बोलली. मग आवाज अगदी बारीक करून, ओठ न हलवता बोलल्यासारखं, "तू सांगितलंस तसंच करते आहे मी." आणि मोठ्यानं, "मी बरी आहे. तुम्ही बरे आहात ना?"

फोन ठेवल्यावर सुनंदा तिथंच बसून राहिली. मग हळूहळू तिला सगळं चित्र दिसायला लागलं. दुपारी सासू झोपते. वर्कशॉपचा फोन, बिलाकडे कोणी बघत नाही. लेक चोरून नंबर फिरवते. आई मांडवीला असते हे तिला माहीत होतं, तरी एखाद्या दिवशी असह्य झालं असेल, लावून पाहिला असेल. आणि कोणीतरी उचलला.

म्हणजे मनगटाचा डाग कसला, नवरा काय करतो, रात्री काय होतं, जेवायला मिळतं का, जे जे आईला ऐकायचं होतं ते ते सगळं लेकीनं सांगून झालं होतं. रोज. आणि ते आईनं ऐकलं नव्हतं.

विश्रामला सांगितलं तर तो म्हणाला, "दुकानाला सुट्टी असेल तेव्हा बोलली असशील. विसरतेस हल्ली. परवा आमटीत मीठ दोनदा घातलंस."

"मी तिला येऊ नको म्हणेन?"

विश्राम चुळबुळला. "सगळ्याच आया म्हणतात की, दिल्या घरी सुखी राहा म्हणून. त्यात काय एवढं?"

सगळ्याच आया म्हणतात, हे खरं होतं. सुनंदालाही तिच्या आईनं म्हटलं होतं, नेमक्या त्याच शब्दांत. तो आवाज कसा होता ते तिनं आठवून पाहिलं, आणि तिला आठवला तो स्वतःचाच आवाज.

६

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी निघाली. कुलूप लावलं, पिशवी घेतली, इलाबेनना "आवजो" म्हटलं. नाक्यापर्यंत गेली आणि मागच्या गल्लीनं परत आली. मुद्दाम कडी न लावता ठेवलेल्या चोकडीच्या दारानं आत शिरली, फोनसमोर पाटावर बसली. आज तो वाजला की मीच उचलणार. लेकीला सांगणार, बाळा, उठ आणि ये. जशी आहेस तशी ये.

दुपार चढली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. इलाबेनच्या टीव्हीवरचं रडणं ऐकू आलं, मग जाहिराती. वर पंखा फिरत होता आणि कुठंतरी नळाचं पाणी ठिबकत होतं. फोन वाजला नाही.

आणि सुनंदाला बोलणं ऐकू आलं.

आधी वाटलं, इलाबेनचा टीव्ही. मग वाटलं, रस्त्यावर कोणी असेल. पण आवाज मागून येत होता, चोकडीतून. हळू, समजावणीचा, लहान मुलाला औषध पाजताना लावतात तसा. "हो गं बाळा. हो. मला कळतंय." मग थोडा वेळ शांत. मग, "मारलं तर मारू दे. एक दिवस दमेल."

आपलाच आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो परका वाटतो म्हणतात. सुनंदाला तो परका वाटला नाही, हेच वाईट होतं.

तिनं फोन उचलून पाहिला. नेहमीची घूं. लाइनवर कोणी नव्हतं. तो खाली ठेवला, चोकडीत आली. बादली पालथी घातली, भिंतीला धरून वर चढली.

पलीकडे मंदामावशींची चोकडी. नळ गंजलेला, मोरीत वाळकी पानं. कपडे धुवायच्या दगडावर एक बाई पाठमोरी बसली होती. अंगावर सुनंदानं त्या घटकेला नेसलेली साडी. मानेवर अंबाडा तसाच, काटा तसाच तिरका खोचलेला. हात कानाशी होता. हातात काही नव्हतं. नुसता रिकामा हात कानाशी धरून ती बोलत होती, आणि बोलता बोलता दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावत होती. रडत होती बापडी. खरीखुरी रडत होती.

"येऊ नको बाळा," ती म्हणाली. "इकडं दार उघडायला कोणी नाही. येईल ते घेत जा."

मग ती बोलायची थांबली. पाठ ताठ झाली. आपल्याला कोणी बघतंय हे कळलं की होते तशी. आणि मान वळायला लागली.

सुनंदा खाली उतरली. उतरली म्हणजे पडलीच, बादली घरंगळत मोरीत गेली. कोपर सोलवटलं. तिनं चेहरा पाहिला नाही. पुढं कितीतरी वर्षं आरशात कुंकू लावताना ती मध्येच थांबायची, मान थोडी फिरवायची, आणि मग आरसा पालथा घालून अंदाजानंच टिकली टेकवायची.

भिंतीपलीकडून, अगदी लागून, कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "ठेवते हं बाळा. उद्या कर."

७

सातवा महिना लागला तशी सुनंदा ओटीचं सामान घेऊन विश्रामबरोबर वाघोडियाला गेली. हिरवी साडी, नारळ, गहू, पेढे. आणि रिकामी एक मोठी पिशवी, लेकीचे कपडे भरायला.

सासूबाईंनी हसून दार उघडलं. "या, या विहीणबाई." यशश्री आतून आली. पोट पुढं, बाकी सगळी काडी. गळ्यापर्यंत पदर गुंडाळलेला. ओटी भरताना सुनंदानं पदर जरा बाजूला केला तर गळ्याखाली निळं-पिवळं होतं. तिनं गहू ओटीत टाकले, चार दाणे जमिनीवर सांडले.

सासूबाई चहा बघायला आत गेल्या तशी ती लेकीच्या कानाशी वाकली. "कपडे घे. आत्ता निघायचं आपण. बाळंतपण माहेरी, आणि परत नाही पाठवायची मी तुला. कधीच नाही."

यशश्रीनं आईकडे पाहिलं. ती नजर सुनंदाला शेवटपर्यंत पुरली. लेक घाबरली होती, पण सासरला नव्हे. दारात आलेल्या अनोळखी बाईनं गोड बोलून हात धरावा, तेव्हा लहान पोर घाबरतं तशी.

"तूच म्हणतेस ना येऊ नको," ती म्हणाली. "काल दुपारीसुद्धा म्हणालीस. आलीस तरी दार उघडणार नाही म्हणालीस."

"ती मी नव्हते गं. मी दुपारी मांडवीला असते, यशू. माझ्याकडे बघ. मी तुझी आई."

"माझी आई माझ्याशी रोज बोलते." यशश्रीचे डोळे भरले. "तू कधी विचारलंस, दुखतं का? ती विचारते. ती रडते माझ्यासाठी. तू रविवारी विचारतेस, बरी आहेस ना, आणि फोन ठेवतेस."

"अगं, रविवारी तुझ्या सासूबाई उभ्या असतात..."

"तिनं सांगितलं होतं," लेक हळूच म्हणाली आणि आपला हात सोडवून घेतला. "तिनं सांगितलं होतं, की तू अशी येशील. जायचं नाही म्हणाली."

सुनंदानं विश्रामकडे पाहिलं. तो खुर्चीच्या कडेला बसून छताकडे बघत होता. "अहो, तुम्ही तरी सांगा ना हिला!" तो म्हणाला, "ती म्हणते तर राहू दे ना. सासरच्यांचीही तशीच इच्छा असेल."

चहाचा ट्रे घेऊन सासूबाई आल्या. "मी तर म्हटलं होतं, जा बाई माहेरी, रीत आहे. पण तीच म्हणते इथंच होऊ दे. मुलीला वळण छान लावलंत हो. कशाला उलट उत्तर नाही की तक्रार नाही. आईची शिकवण दिसते." आणि कप पुढं केला. सुनंदानं तो घेतला नाही. मूल होईपर्यंत घ्यायचा नव्हता.

परतीच्या बसमध्ये रिकामी पिशवी तिच्या मांडीवर होती. ती घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

८

आणि काय सांगू, दिवस फिरले हो. वाघोडियातच यशश्री बाळंत झाली, मुलगा झाला, दोघंही सुखरूप. नातू झाला तसं सासरचं सगळं बदललं. सासूबाई डिंकाचे लाडू स्वतः वळायला लागल्या, जावयानं दारू सोडली, सासऱ्यांनी वर्कशॉपला नातवाचं नाव दिलं. गळ्यावरचा पदर गेला, लेकीच्या गालांवर रंग आला. विश्रामची पाळी सुटली, जनरल ड्यूटी मिळाली. जो तो सुनंदालाच म्हणायचा, बाई, तुम्ही पोरीला धीर दिलात, थांब म्हणालात, म्हणून हे दिवस दिसले. दुसरी आई असती तर घेऊन आली असती आणि संसाराचा विस्कोट झाला असता. सुनंदा खाली मान घालून ऐकायची. काय बोलणार?

बारसं सव्वा महिना सरल्यावर केलं, त्याला ती वाघोडियाला गेली. आता त्या घरचा घास चालत होता. पंगत उठली, बायका पाळण्याभोवती बसल्या, बाळाचं नाव ठेवलं अमोघ. मग बाळ तिच्या मांडीवर दिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि जे रडायला लागलं ते थांबेना. तिनं थोपटलं, झुलवलं, तिच्या आईनं तिला म्हटलेली अंगाई म्हटली. बाळ काळंनिळं झालं.

"दे इकडं," यशश्री हसत म्हणाली. "त्याला सवय आहे रोजची." बाळाला खांद्यावर घेऊन ती फोनपाशी गेली आणि नंबर फिरवला. एकेक आकडा सुनंदाला पाठ होता. आपल्याच घराचा.

घराची चावी सुनंदाच्या कनवटीला होती. विश्राम तिच्या शेजारी बसून पेढा खात होता. इलाबेनला सांगून, दोन्ही कड्या ओढून पाहून ती निघाली होती.

पलीकडे घंटी वाजली. एकदा वाजली, पुन्हा वाजली, आणि थांबली. कोणीतरी उचलला.

यशश्रीनं फोन बाळाच्या कानाशी धरला. बाळ हुंदका गिळून गप्प झालं. डोळे मोठे करून ऐकत राहिलं. मग त्याचं बोळकं उघडलं आणि ते हसलं, आयुष्यातलं पहिलंवहिलं हसू. बायकांनी कौतुकानं बोटं मोडली. सासूबाईंनी सुनंदाच्या ओंजळीत साखर घातली आणि म्हणाल्या, "बघा, आजीवर किती जीव आहे त्याचा!"

असं त्या घराला सुख आलं. लेक दिल्या घरी नांदली, नातू वाढला, कशाची वाण म्हणून राहिली नाही. ते सुख अजून तिथंच आहे.